चेक परत आला, घरी नोटीस आली... आता काय?



एरवी मी इथे वजाबाकी, जोडाक्षरं, वाचनाचे उपक्रम यांवर लिहिते. आजचा पाठ मात्र मोठ्यांसाठी आहे. मी वकील नाही, साधी डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका आहे. पण गावातल्या शाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव असेल की, बँकेचं पत्र असो, विम्याचा कागद असो की कोर्टाचा लिफाफा, तो शेवटी शाळेतच वाचायला येतो. आपण तो नीट वाचला नाही, तर समोरच्या माणसाचं नुकसान होतं. म्हणून चेक बाउन्सचा कायदा मी थोडा अभ्यासला. जे समजलं ते सांगते.

३१ जुलैची गोष्ट. मधल्या सुट्टीत चौथीतल्या एका मुलीचे वडील आले. हातात रजिस्टर पोस्टाचा लिफाफा. "मॅडम, एवढं वाचून सांगा. इंग्रजीत हाय." वकिलाची नोटीस होती. खत-बियाणांच्या दुकानाची उधारी होती, त्यापोटी यांनी ४५,००० रुपयांचा चेक दिला होता. चेकवरची तारीख १० जून. दुकानदाराने तो २ जुलैला बँकेत भरला आणि ४ जुलैला खात्यात पुरेशी रक्कम नाही या शेऱ्याने परत आला. नोटिशीवर तारीख १८ जुलै. लिफाफा घरी पोचला २२ जुलैला. तेव्हापासून तो देवघराच्या फळीवर पडून होता.

मी विचारलं, "भाऊ, नऊ दिवस काय केलंत?" ते म्हणाले, "शेजारी म्हणाला नोटीस आली म्हणजे केस झालीच. आता पैसे देऊन उपयोग नाही, ते वकिलालाच लागतील."

हा जो शेजाऱ्याचा सल्ला आहे ना, तो जवळजवळ प्रत्येक गावात मिळतो आणि तो साफ चुकीचा आहे. कसा, ते पाहूया.

गुन्हा नेमका कधी होतो?

आपल्याकडचा हा कायदा १८८१ सालचा आहे. इंग्रजीत त्याला निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट म्हणतात, मराठी सरकारी भाषेत परक्राम्य संलेख अधिनियम. (हा शब्द मला दोनदा वाचावा लागला, तुम्हालाही लागेल.) मूळ कायद्यात चेक परत आला तर शिक्षा नव्हती. दिवाणी दावा करायचा, नाहीतर ४२० कलमाखाली फसवणुकीची तक्रार करायची. पण ४२० साठी समोरच्याचा हेतू पहिल्यापासूनच फसवायचा होता हे दाखवावं लागे आणि ते अवघड. त्यामुळे लोक चेकवर भरवसा ठेवेनात. म्हणून १९८८ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९८९ पासून कलम १३८ लागू झालं. तेव्हा शिक्षा एक वर्षापर्यंत होती. २००२ च्या दुरुस्तीने ती दोन वर्षांपर्यंत वाढली. आज दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता मुख्य मुद्दा. चेक परत आला त्या क्षणी गुन्हा पूर्ण होत नाही. कायद्याने मध्ये काही पायऱ्या ठेवल्या आहेत. चेक मुदतीत बँकेत भरलेला हवा (२०१२ पासून चेकची मुदत तीन महिने आहे). बँकेकडून परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत पैसे मागणाऱ्याने लेखी नोटीस द्यायला हवी. ती नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत चेक देणाऱ्याने पैसे दिले, तर गुन्हा होतच नाही. ते १५ दिवस संपले आणि पैसे दिले नाहीत, तेव्हाच गुन्हा घडतो.

म्हणजे ज्या लिफाफ्याला घाबरून आपण तो फळीवर ठेवतो, तो लिफाफा ही कायद्याने दिलेली संधी आहे. तिला तारखेचं कुंपण आहे एवढंच.

"मला माहीत नव्हतं खात्यात पैसे नाहीत" हे कारण मात्र चालत नाही. कलम १४० मध्ये ते स्पष्टच लिहिलंय. हेतू चांगला होता की वाईट यावर कोर्ट फार वेळ घालवत नाही. पैसे १५ दिवसांत दिले का, एवढं पाहतं.

दिवस मोजायचे कसे?

इथे आपला प्राथमिकचा विषय आला! दिनदर्शिका शिकवताना मुलं हमखास एक चूक करतात, पहिला दिवस धरून मोजतात. त्याच आठवड्यात मी वर्गात फळ्यावर उदाहरण घातलं. चेकबिक काही सांगितलं नाही, फक्त "२२ जुलैला पत्र मिळालं, त्यानंतर १५ दिवसांची मुदत आहे, शेवटचा दिवस कोणता?" अर्ध्या वर्गाचं उत्तर ५ ऑगस्ट आलं. त्यांनी २२ तारीख एक म्हणून धरली होती. बरोबर उत्तर ६ ऑगस्ट. पहिला दिवस म्हणजे २३ जुलै. जुलैचे ९ दिवस आणि ऑगस्टचे ६. ज्या दिवशी गोष्ट घडते तो दिवस सोडून मोजायचं, हेच तत्त्व सुप्रीम कोर्टाने या कायद्यातली तक्रारीची मुदत मोजतानाही धरलं आहे, १९९९ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये.

आता हाच हिशोब पूर्ण करा. चेक परत आल्याचं ४ जुलैला कळलं, तर नोटीस ३ ऑगस्टपर्यंत निघायला हवी. दुकानदाराने १८ जुलैलाच पाठवली, म्हणजे तो मुदतीत होता. पैसे देण्याची मुदत ६ ऑगस्टपर्यंत. ७ ऑगस्टला तक्रारीचं कारण घडतं आणि तिथून एका महिन्याच्या आत, म्हणजे ७ सप्टेंबरपर्यंत, कोर्टात तक्रार करायची. उशीर झाला आणि त्याला योग्य कारण असलं तर कोर्ट माफ करू शकतं, पण त्यावर विसंबू नका. पैसे घेणं असलेले आपल्यातही बरेच जण आहेत. नातेवाइकाला उसने दिले, भिशीचे अडकले, शिकवणीची फी राहिली. त्यांनी हे दिवस घरातल्या कालनिर्णयवर पेनाने गोल करून ठेवावेत. अनेकांची बाजू खरी असूनही केस फक्त तारखेवर जाते.

आणि मागणी चेकच्या रकमेचीच करावी. व्याज, मनस्ताप, वकील फी सगळं एकत्र ढवळून एकच मोठा आकडा मागितला, तर नोटीसच सदोष ठरू शकते.

म्हणजे ३१ जुलैला त्या भाऊंच्या हातात अजून सहा दिवस होते. मी कॅलेंडर काढून त्यांच्यासमोर बोट ठेवून मोजले. ते बराच वेळ त्या ६ तारखेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पण मॅडम, त्यातले पंधरा हजार मी मागंच रोख दिलेत."

पावती नाही, पण पैसे दिलेत

हा खरा गुंता. चेक दिल्यानंतर, जूनच्या शेवटी, त्यांनी दुकानात १५,००० रोख नेऊन दिले होते. पावती मागितली नाही. "रोजचा दुकानदार, त्याला पावती काय मागायची?" दुकानदाराने मात्र चेक पूर्ण ४५,००० चाच भरला.

याबद्दल सुप्रीम कोर्टाचा २०२२ चा एक महत्त्वाचा निकाल आहे. चेक दिल्यानंतर आणि तो भरण्याआधी काही रक्कम फिटली असेल, तर तशी नोंद चेकवर करून उरलेल्या रकमेसाठीच तो भरायला हवा. नोंद न करता पूर्ण रकमेचा भरला, तर तो चेक खऱ्या देण्याएवढा राहत नाही आणि कलम १३८ लागत नाही.

ऐकायला छान वाटतं. पण पैसे दिले हे दाखवायचं कोणी? इथे कलम १३९ येतं. सही तुमची आहे म्हटल्यावर कोर्ट असं गृहीत धरतं की चेक देणं फेडण्यासाठीच दिला होता. तसं नव्हतं, किंवा तेवढं देणं उरलं नव्हतं, हे आपण दाखवायचं. अगदी शंभर टक्के सिद्ध करावं लागत नाही, न्यायाधीशांना पटेल इतका आधार लागतो. पण काहीतरी आधार हवाच. पावती, बँकेची नोंद, मोबाईलवरचा मेसेज, साक्षीदार, काहीही.

त्यांच्या नशिबाने दुकानातल्या मुलाने ते १५,००० उधारीच्या वहीत लिहिले होते. मालकाच्या मोठ्या रजिस्टरात ते उतरायचे राहिले होते. म्हणजे कोणी लबाडी केली असंही म्हणता येत नाही. दुकानदारही बिचारा पेरणीच्या दिवसांत अर्ध्या गावाला उधार माल देऊन बसलेला असतो, त्यालाही कंपनीचे पैसे भरायचे असतात. मी दोघांनाही ओळखते, त्यामुळे हे प्रामाणिकपणे सांगते.

मी त्यांना तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे पाठवलं. ही सोय फार कमी लोकांना माहीत आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. फोनवर विचारायचं तर १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक आहे. तिथल्या वकिलांनी दोन गोष्टी सांगितल्या. नोटिशीला लेखी उत्तर द्या, त्यात वहीतल्या नोंदीचा उल्लेख करा आणि उरलेले ३०,००० मुदतीच्या आत बँकेतूनच पाठवा, रोख नको.

कोरा चेक, जामीनदार आणि आपण शिक्षक

इथे थोडं थांबून आपल्याच घराकडे बघूया. पतसंस्थेच्या कर्जाला जामीनदार राहिलेला शिक्षक नसेल अशी शाळा मला दाखवा. सहकाऱ्याला घर बांधायचं असतं, मुलीचं लग्न असतं, आपण "अहो सर, त्यात काय" म्हणून सही करतो. सोबत दोन-तीन कोरे चेकही सही करून देतो.

माझा पूर्वी असा समज होता की कोऱ्या चेकवर रक्कम दुसऱ्याने भरली, तर तो चेक खोटा धरला जातो. तसं नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की, स्वखुशीने सही करून दिलेला कोरा चेक नंतर दुसऱ्याने भरला तरी १३९ चं गृहीतक लागू होतं. आणि जामीनदाराचं काय? २००२ च्या एका निकालात जामीनदाराने दिलेला चेकही कलम १३८ मध्ये येतो असं ठरलं. कारण कायद्यात 'कोणतंही कर्ज किंवा इतर देणं' असे शब्द आहेत, ते कर्ज कोणाचं हे त्यात म्हटलेलं नाही. म्हणजे कर्ज पाटील सरांचं, चेक आपला, आणि समन्स आपल्या नावाचं!

हे लिहिताना माझ्याही मनात येतं की मग जामीन राहायचंच नाही का? मी स्वतः दोघांना जामीन आहे. पण कोरा चेक आता देत नाही. चेक द्यावाच लागला तर त्यावर नाव आणि रक्कम लिहूनच देते, चेक नंबर आणि तो कशासाठी दिला ते कागदावर लिहून संस्थेची पोच घेते. पहिल्यांदा मागताना अवघड वाटलं. लिपिकाने वर पाहिलं, मग शिक्का मारून दिला.

शाळेच्या खात्याबद्दलही एक वाक्य. समितीचे अध्यक्ष गावात कमी असतात म्हणून त्यांच्या सह्या आगाऊ घेऊन ठेवलेलं चेकबुक काही कपाटांत असतं, हे आपल्याला माहीत आहे. ते बंद करा.

घरातलंही सांगते. बायकोच्या नावाचं खातं, व्यवहार नवऱ्याचा, सही बायकोची, हे फार चालतं. कायदा सही करणाऱ्याला धरतो. उलट, संयुक्त खात्यात नुसतं नाव आहे पण चेकवर सही नाही, अशा पत्नीवर खटला चालवता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये मुंबईच्या एका प्रकरणात म्हटलं आहे. सही करण्याआधी आपल्या माहिलांनी, म्हणजे आपण सगळ्यांनीच, एवढं विचारावं की हा चेक कोणाला आणि कशासाठी जातोय.

पालकांसाठी आणखी दोन गोष्टी. फीचे पुढच्या तारखांचे चेक आपण देतो. त्या तारखेला ती फी खरोखर देणं असेल, तर हा कायदा लागू होऊ शकतो. आणि मोबाईलचा किंवा गाडीचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, तो परत गेला तरी २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ मध्ये अशीच शिक्षा आहे. "मी चेक दिलाच नाही" म्हणून सुटका नाही.

"मग बँकेला सांगून चेक थांबवतो" असंही काही जण म्हणतात. पैसे थांबवण्याची सूचना दिली, खातंच बंद केलं, सही मुद्दाम वेगळी केली, या तिन्ही युक्त्या सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आल्या आहेत. तिन्हींना कलम १३८ लागू शकतं. देणगी किंवा भेट म्हणून दिलेला चेक मात्र या कलमात येत नाही, कारण ते कायदेशीर देणं नसतं.

पोलीस येतात का?

पालक हाच प्रश्न आधी विचारतात. नाही. या गुन्ह्यात पोलीस येऊन उचलून नेत नाहीत. पैसे घेणाऱ्याने स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात लेखी तक्रार करायची असते, मग कोर्ट समन्स काढतं. गुन्हा जामीनपात्र आहे. पण समन्सला दाद दिली नाही तर वॉरंट निघतं आणि ते घेऊन मात्र पोलीसच येतात. लोक घाबरून हजर राहत नाहीत आणि मग ज्याची भीती होती तेच घडतं. समन्स लांबच्या शहरातून आलं तरी दचकू नका. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, खात्यात भरलेल्या चेकची केस पैसे घेणाऱ्याची बँक शाखा जिथे असते तिथल्या कोर्टात चालते. आणि नोटीस घेतलीच नाही, पोस्टमनला परत पाठवली, तर? पत्ता बरोबर असेल तर ती मिळाली असंच धरलं जातं. खरोखरच मिळाली नसेल, तर समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरण्याची वाट २००७ च्या निकालाने उघडी ठेवली आहे.

२०१८ पासून खटला चालू असतानाच कोर्ट चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम तक्रारदाराला द्यायला सांगू शकतं. तडजोड मात्र कोणत्याही टप्प्यावर करता येते, लोकअदालतीतही ही प्रकरणं मिटतात. २०२१ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने या खटल्याचं वर्णन लांडग्याचं कातडं पांघरलेली मेंढी असं केलंय. वरून फौजदारी, आतून पैशाचा तंटा.

मग हा गुन्हा असावा की नसावा? २०१९ च्या अखेरीस देशात २.३१ कोटी फौजदारी खटले प्रलंबित होते, त्यातले ३५.१६ लाख फक्त चेकचे. २०२० मध्ये केंद्राच्या अर्थमंत्रालयाने ही शिक्षा काढून टाकण्याचा विचार मांडला होता, विरोध झाला आणि तो मागे पडला. मला विचाराल तर छोट्या दुकानदाराकडे दुसरं काय हत्यार आहे? कलम असू दे. पण गरजू माणसाकडून कोरे चेक घेऊन ठेवणाऱ्यांच्या हातातही तेच हत्यार आहे, हे खटकतं.

असो. त्या भाऊंचं सांगायचं राहिलं. त्यांनी दोन शेळ्या विकल्या, थोडे मेव्हण्याकडून घेतले आणि ५ ऑगस्टला बँकेतून ३०,००० पाठवले. मुदतीला एक दिवस बाकी होता. दुकानदाराने वही पाहिली, पंधरा हजारांची नोंद मान्य केली, हिशोब पूर्ण झाल्याचं लेटरहेडवर लिहून दिलं आणि मूळ चेक परत केला.

दुसऱ्या दिवशी ते सगळे कागद घेऊन शाळेत आले. चेक फाडून टाकू का, असं विचारत होते. मी म्हटलं, फाडू नका. सहीवर रेघ मारा, 'रद्द' लिहा, बँकेचा मेमो, नोटीस आणि दुकानदाराचं पत्र सोबत टाचून पेटीत ठेवा. मग सहज त्यांचं चेकबुक मागून घेतलं. त्यात पाच चेक उरले होते. त्यातल्या तिनांवर, घाईच्या वेळी बरं पडतं म्हणून, आधीच सह्या करून ठेवलेल्या होत्या. ते तीन आम्ही तिथेच टेबलावर रद्द केले.